नामांकित मोटार आणि तिचें बदनाम इंजिन

जुनी स्पोर्ट्स मोटार विकत घेणें हें घोडा विकत घेण्यासारखें आहे. नुसती अंगावरची तकाकी आणि मानेचा डौल पाहून घोडा घेणारा पुष्कळदां फसतो. पाय चांचपून घेणारा सहसा फसत नाहीं. मोटारीचे पाय म्हणजे तिचें इंजिन. परंतु ज्या गाडीच्या इंजिनाची खोड सर्वांस ठाऊक आहे ती गाडी टाळलीच पाहिजे असें मात्र नव्हे. खोड कशामुळें उत्पन्न झाली हें समजलें, तर तिला आवर घालतां येतो; न समजल्यास एका दुपारीं सारी पुंजी मातीस मिळते.

या प्रकारचें प्रसिद्ध उदाहरण म्हणजे इंग्लंडांतील ट्रायम्फ कंपनीची ‘स्टॅग’ मोटार. जोव्हान्नी मिकेलोत्ती या इटालियन रचनाकारानें तिचा आकार आंखला. १९७० ते १९७७ या काळांत तिचे सुमारें २६,००० नग तयार झाले. उघड्या टपाची, चार माणसांची ही देखणी गाडी आठ सिलिंडरांच्या, २,९९७ घनसेंटिमीटरच्या इंजिनावर चाले. आणि त्या इंजिनानेंच तिचें नांव घालविलें. याचीं कारणें मुख्यतः तीन. पहिलें, ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि दोन्ही हेड ॲल्युमिनियमचीं. दोन भिन्न धातु एकाच पाण्यांत राहिले म्हणजे गंजरोधक द्रव्याच्या अभावीं हलका धातु झिजूं लागतो, आणि त्याचा गाळ ओतकामांत मागें राहिलेल्या वाळूसह रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत जाऊन बसतो. दुसरें, वॉटर पंप इंजिनाच्या माथ्यावर, सिलिंडरांच्या दोन रांगांच्या बेचक्यांत बसविलेला. पाण्याची पातळी थोडी उतरली कीं पंपांत हवा शिरते आणि पाणी फिरेनासें होतें. तिसरें, व्हॉल्व्ह हलविणाऱ्या टायमिंग चेन लांब आणि एकेरी. त्या सैल होऊन तुटल्या तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात व इंजिन निकामी होतें.

आतां हीच गाडी सोलापूर-धुळे राष्ट्रीय हमरस्त्यानें धाराशिव जिल्ह्यांतील तेरखेड्याकडे निघाली आहे अशी कल्पना करावी. फटाक्यांच्या कारखान्यांसाठीं प्रसिद्ध असलेलें हें गांव बालाघाटाच्या टापूंत आहे, आणि वैशाखांत इकडील पारा चाळीस अंशांच्या वर जातो. चढावर इंजिन तापतें, पाणी कमी होतें, पंप रिकामा फिरूं लागतो. उष्णतामापकाचें टोक पाण्याबाहेर राहिल्यामुळें कांटा कधीं कधीं उलट खालीं येतो, आणि चालक निश्चिंत होतो! तोंवर हेड वाकतें, गॅस्केट फुटतें. म्हणून कांटा नेहमींपेक्षां वर चढला किंवा अकस्मात् उतरला, तर गांव दोन मैलांवर असलें तरी गाडी सावलींत उभी करून इंजिन बंद करावें; आणि तें थंड होईपर्यंत रेडिएटरचें झांकण उघडूं नये.

पाण्याविषयीं एक गैरसमज येथें दूर केला पाहिजे. मराठवाड्यांत पाणी गोठत नाहीं, मग अँटिफ्रीज कशाला, असें पुष्कळांस वाटतें. त्या द्रवाचें इकडील खरें काम गोठण थांबविण्याचें नसून गंज थांबविण्याचें आहे. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याऐवजीं डिस्टिल्ड पाणी आणि योग्य प्रमाणांत हा द्रव घालावा, व दर दोन वर्षांनीं सर्व बदलावें. टायमिंग चेन सुमारें ४०,००० किलोमीटरनंतर बदलणें हिताचें. हल्लीं पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें जुन्या रबरास मानवत नाहीं, म्हणून इंधनाच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या जातीच्या घालाव्यात.

खरेदीच्या वेळीं इंजिन थंड असतांनाच पाहावें. विक्रेत्यानें तें आधींच तापवून ठेवलें असेल तर संशय घ्यावा. तेलाच्या झांकणाखालीं सायीसारखा लेप, मागून न थांबणारा पांढरा धूर, रेडिएटरांत बुडबुडे, हीं गॅस्केट गेल्याचीं चिन्हें होत. सुरू होतांच पुढील बाजूनें खडखड ऐकूं आली तर चेन सैल झाली असें समजावें. मग अर्धा तास गाडी चालवून कांटा कोठें स्थिरावतो तें पाहावें. दुरुस्तीचीं बिलें मागावींत. ‘सर्व ठीक आहे’ हें बिल नव्हे. इंजिन पूर्ण उघडून बांधण्याचा खर्च हिशेबांत धरूनच किंमतीचीं बोलणीं करावींत.

कित्येक मालकांनीं कंटाळून स्टॅगमध्यें रोव्हर कंपनीचें आठ सिलिंडरांचें इंजिन बसविलें. भारतांत हा मार्ग पत्करण्यापूर्वीं कायदा पाहावा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होऊं शकते. परंतु तिचा सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. नव्या नोंदणीचें शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षें चालते. अशी गाडी रोजच्या वापरासाठीं वा भाड्यानें रस्त्यावर आणतां येत नाहीं. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच ती बाहेर निघते. इंजिन बदलल्यानें डोकेदुखी जाईल, पण त्याबरोबर ही मान्यताहि जाऊं शकेल.

तात्पर्य, गाडी बाहेर काढण्यापूर्वीं प्रत्येक वेळीं पाण्याची पातळी पाहण्याचा ज्यास कंटाळा नाहीं, त्यानें अशी मोटार अवश्य घ्यावी. ज्यास तो आहे, त्यानें दुसऱ्याची पाहून आनंद मानावा. त्यांतहि कमीपणा नाहीं.