राजीनाम्यावर सही करण्याआधी

रात्र-रात्र झोप नाही, कामावर निघायच्या वेळी छातीत धडधड, समोरचे काम बघूनही डोक्यात काही शिरत नाही. असे कित्येक महिने चालले की माणूस एक दिवस कागद पुढे ओढतो आणि लिहितो, ‘वैयक्तिक कारणास्तव मी नोकरीचा राजीनामा देत आहे.’

आपल्या बऱ्याच घरांत एका पगारावर दोन-तीन चुली चालतात. गावाकडचे आईवडील, भावाचे शिक्षण, घराचा हप्ता, सगळे त्यातच. तरीही लोक काय म्हणतील या भीतीने आजार लपवला जातो आणि कारण ‘वैयक्तिक’ लिहिले जाते. त्या एका शब्दामुळे आजारी माणसाला कायद्याने मिळू शकणारे पैसे हातचे जातात. म्हणून आज औषधाइतकेच कागदांविषयी बोलू.

आधी रजा, मग निर्णय

‘माझ्याने आता काहीच होणार नाही’ असे वाटणे हे नैराश्याचे लक्षणच आहे. अशा अवस्थेत नोकरीचा निर्णय घेऊ नये. उपचारानंतर पुष्कळ लोक पुन्हा कामावर उभे राहतात. आधी जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांना भेटा. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. बोलायची हिंमत होत नसेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत चालू असतो. प्रत्येक केसपेपर आणि औषधाची चिठ्ठी जपून ठेवा. पुढचा प्रत्येक अर्ज त्यावरच उभा राहतो.

ईएसआय असेल तर

कामगारांच्या आरोग्यविम्याचा आराखडा प्रा. बी. पी. अदारकर यांनी १९४४ साली सादर केला, तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात कामगार खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. १९४८ च्या कायद्याने त्यातून ईएसआय योजना उभी राहिली. दरमहा २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असणारा कामगार तिच्यात येतो; दिव्यांग कामगारासाठी ही मर्यादा २५ हजार आहे.

वर्गणीची अट पूर्ण असेल, तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. दीर्घ आजारांच्या यादीत गंभीर मनोविकारांचाही समावेश आहे. किमान दोन वर्षे विमाधारक नोकरी आणि ठरलेली वर्गणी झाली असेल, तर अशा आजारात ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत लाभ मिळू शकतो. मात्र ईएसआय दवाखान्याचा दाखला वेळेवर हवा.

सरकारी नोकरी

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने मानसिक आजार दिव्यांगत्वात धरला आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही, पदावनतही करता येत नाही. आहे ते काम झेपत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यायचे. तेही नसेल, तर अधिसंख्य पदावर ठेवायचे. केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये मानसिक आजार असलेल्या कर्मचाऱ्याला हेच संरक्षण दिले.

कायमची अक्षमता वैद्यकीय मंडळाने दाखल्यात नोंदवली, तर नियमांप्रमाणे रुग्णता निवृत्तिवेतन मागता येते. याउलट साध्या राजीनाम्याने मागची सेवा निवृत्तिवेतनासाठी सहसा धरली जात नाही. वीस वर्षांची नोकरी एका ओळीत जाते, ती अशी. राजीनामा देऊन झाला असेल, पण मंजूर झाला नसेल, तर तो मागे घेण्याचा अर्ज आजच द्या आणि पोच घ्या.

खासगी नोकरी

ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची अट असते. पण आजाराने पूर्वीचे काम करण्यास माणूस असमर्थ झाला आणि त्यामुळे नोकरी संपली, तर ही अट लागत नाही. म्हणून कारण आजार हेच लिहा, सोबत डॉक्टरांचा दाखला जोडा.

भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल, तर कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ पाहा. नोकरीत असताना कायमचे आणि पूर्ण अपंगत्व आले, तर एका महिन्याच्या वर्गणीवरही पेन्शनचा हक्क मिळतो, तोही दहा वर्षे सेवा नसताना. त्यासाठी वैद्यकीय मंडळाची तपासणी होते. रक्कम थोडी असते, पण दरमहा येते.

यातले काहीच नसेल तर

कंत्राटी, घरकाम करणाऱ्या, नाक्यावर काम शोधणाऱ्या माणसाला वरचे बरेच दरवाजे बंद असतात. त्याने शासकीय रुग्णालयातून दिव्यांगत्व प्रमाणपत्र काढावे. ते ४० टक्के किंवा अधिक असेल आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५० हजार रुपयांच्या आत असेल, तर तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज करता येतो.

शेवटी घरच्यांना एक विनंती. जो माणूस अंथरुणातून उठू शकत नाही, त्याला खिडक्या-खिडक्यांवर फिरायला सांगू नका. कागदांची पिशवी घेऊन त्याच्यासोबत कुणीतरी जा. आणि तो राजीनामा लिहायला बसला असेल, तर त्याच्या हातून पेन काढून घ्या. आधी रजेचा अर्ज लिहू, म्हणा.