केमोथेरपीच्या इतिहासातलं आपलं माणूस: डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव

१९४० च्या दशकात लहान मुलाला तीव्र ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झाला, की हातात उरायचे काही आठवडे, फार तर काही महिने. औषध नव्हतंच.

बॉस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांच्या लक्षात आलं, की फॉलिक अ‍ॅसिडच्या गटातली द्रव्यं दिल्यावर या मुलांचा आजार उलट बळावतोय. मग फॉलिक अ‍ॅसिडचं कामच अडवलं तर?

🔬 पेशी विभागताना नवा डीएनए बनतो, त्यासाठी फॉलिक अ‍ॅसिड लागतं. अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत, आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेल्या सुब्बाराव यांच्या चमूने अमिनोप्टेरिन तयार केलं. रचना फॉलिक अ‍ॅसिडसारखीच, पण फॉलिक अ‍ॅसिडवर काम करणाऱ्या एन्झाइममध्ये जाऊन बसायचं आणि त्याचं काम ठप्प करायचं. कुलपात अडकलेली चुकीची किल्लीच जणू!

फार्बर यांनी ते १६ मुलांना दिलं. १० जणांमध्ये सुधारणा दिसली. ती तात्पुरती होती, पण ल्युकेमिया औषधाने मागे हटू शकतो हे सिद्ध झालं. जून १९४८ मध्ये हा शोधनिबंध छापून आला आणि त्याच ऑगस्टमध्ये सुब्बाराव गेले, अवघ्या ५३ व्या वर्षी.

💊 अमिनोप्टेरिनचंच भावंड असलेलं मेथोट्रेक्सेट आजही ल्युकेमियात आणि संधिवातातही वापरतात.

सुब्बाराव यांना नोबेल मिळालं नाही. निदान त्यांचं नाव आपल्या मुलांना माहीत असू द्या. पोस्ट जरूर शेअर करा!