विश्लेषण : नगरसेवक परतले, तरी मुंबईची सूत्रे आयुक्तांकडेच का? १८८८ च्या कायद्यात दडलंय काय?

मुंबई महापालिकेतील नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. पुढचे मतदान झाले १५ जानेवारी २०२६ रोजी. मधली तीन वर्षे दहा महिने देशातील सर्वात श्रीमंत महापालिका प्रशासकाच्या, म्हणजे आयुक्तांच्याच सहीवर चालली. या काळात कचरा उचलला गेला, पाणी आले, रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाची कंत्राटेही निघाली. लोकनियुक्त सभागृह नसताना एवढा मोठा गाडा चालतो, तर मग त्या सभागृहाकडे मुळात अधिकार होते तरी किती? याचे उत्तर शोधायला १८८८ पर्यंत, किंबहुना त्याच्याही मागे जावे लागते.

कायदा कोणता आणि तो काय सांगतो?

मुंबईचा कारभार आजही ‘मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८’ या ब्रिटिशकालीन कायद्यानुसार चालतो. त्यात दुरुस्त्या असंख्य झाल्या, पण सांगाडा तोच आहे. कलम ५४ नुसार आयुक्तांची नेमणूक राज्य सरकार करते. कलम ६४ नुसार कायद्याची अंमलबजावणी करण्याचा संपूर्ण कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतो. महापौर सभागृहाचे अध्यक्षस्थान भूषवतात, शहराचे प्रथम नागरिक म्हणवले जातात. मात्र एखाद्या अभियंत्याची बदली करायची झाली तरी तो निर्णय त्यांच्या हातात नसतो. सभागृह आणि स्थायी समिती धोरण ठरवतात, अर्थसंकल्प व मोठी कंत्राटे मंजूर करतात. थोडक्यात, खर्चाला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणे हीच लोकप्रतिनिधींची खरी ताकद. प्रशासकाच्या काळात नेमकी तीच गेली.

अशी रचना आली कुठून?

१८६५ च्या कायद्याने मुंबईला पूर्ण अधिकार असलेला पालिका आयुक्त मिळाला. आर्थर क्रॉफर्ड हे ते पहिले आयुक्त, ज्यांच्या नावाचे मार्केट आजही लोकांच्या तोंडी आहे. त्यांच्यावर देखरेख ठेवण्याचे काम ‘जस्टिस ऑफ द पीस’ या मंडळाकडे होते. त्यात सरकारने नेमलेले युरोपीय आणि शहरातले बडे शेठ, म्हणजे निवडून आलेला एकही नाही. क्रॉफर्ड यांनी गटारे, बाजार, स्वच्छता अशी कामे धडाक्यात केली, पण पैसाही तितक्याच धडाक्यात खर्च केला. १८७१ पर्यंत करदाते इतके संतापले की सुधारणेचे आंदोलन उभे राहिले.

त्यातून १८७२ चा कायदा आला आणि ६४ जणांची महापालिका अस्तित्वात आली. त्यापैकी निम्मे, म्हणजे ३२ सदस्य करदाते निवडणार होते. उरलेल्या ३२ पैकी १६ जस्टिस मंडळाचे आणि १६ सरकारनियुक्त. मतदार कोण? वर्षाला किमान ५० रुपये पालिका कर भरणारे. गिरणीतला कामगार, गोदीतला हमाल, चाळीतला भाडेकरू या यादीत कुठेच नव्हते.

१८८८ मध्ये सदस्यसंख्या ७२ झाली. त्यातही लोकनियुक्त ३६ च. जस्टिस मंडळाकडे १६, सरकारकडे १६, आणि विद्यापीठाच्या फेलोंना व चेंबर ऑफ कॉमर्सला प्रत्येकी दोन जागा होत्या. प्रतिनिधित्व मिळत होते ते मालमत्तेला, व्यापाराला आणि पदवीला. (योगायोग असा, की त्याच वर्षी लाचखोरीच्या आरोपांवरून चौकशीला सामोरे जाण्याची वेळ खुद्द क्रॉफर्ड यांच्यावर आली. तेव्हा ते पुण्यात, मध्य विभागाचे आयुक्त होते.)

हे सगळे ब्रिटिशांनीच लादले का?

पूर्णपणे नाही, आणि इथेच ही गोष्ट नेहमीच्या ‘गुलामीचा वारसा’ या चौकटीत बसत नाही. १८७१ च्या वादात तरुण बॅरिस्टर फिरोजशहा मेहता यांनी एकट्या, जबाबदार कार्यकारी अधिकाऱ्याची बाजू घेतली होती. प्रत्यक्ष कारभार समितीच्या हाती देण्यापेक्षा तो एका अधिकाऱ्याने करावा आणि निवडून आलेल्या सभागृहाने त्याच्यावर वचक ठेवावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. १८८८ च्या विधेयकावर मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी सभागृहाचे अधिकार वाढवण्यासाठी किल्ला लढवला, पण आयुक्ताची नेमणूक सरकारकडेच राहिली. करदात्या वकील-व्यापाऱ्यांना ही तडजोड चालण्यासारखी होती. देखरेख करणारे तेच होते, आणि खर्च वाढला तर कर त्यांच्याच खिशातून जाणार होता.

ब्रिटनमध्ये मात्र त्याच काळात वेगळे चित्र होते. बर्मिंगहॅममध्ये १८७३ ते १८७६ या काळात महापौर असलेल्या जोसेफ चेंबरलेन यांनी शहराचा गॅस व पाणीपुरवठा पालिकेच्या मालकीचा केला. त्यांच्या डोक्यावर लंडनहून पाठवलेला आयुक्त नव्हता.

नियुक्त सदस्य म्हणजे सरकारचे होयबा, असेही सरसकट म्हणता येत नाही. १८७६ पासून काही वर्षे महात्मा जोतिराव फुले पुणे नगरपालिकेत सरकारनियुक्त सदस्य होते आणि व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतावरील खर्चाला त्यांनी विरोध केला होता. करावर आधारलेल्या मतदानातून बहुजनांचा आवाज सभागृहात पोहोचणे त्या काळी अवघडच होते.

मग मताधिकार वाढल्यावर काय बदलले?

मुंबईत प्रौढ मताधिकारावर पहिली पालिका निवडणूक १९४८ मध्ये झाली. म्हणजे मतदार बदलला, सभागृह बदलले, आयुक्ताची नेमणूक मात्र होती तिथेच राहिली. फक्त गव्हर्नरची जागा राज्य सरकारने घेतली. राज्यातील इतर महापालिकांसाठी १९४९ चा जो कायदा आला, त्यातही हाच साचा वापरला गेला.

आयुक्त नको असेल तर सभागृहाच्या हाती एक हत्यार आहे : एकूण सदस्यांपैकी पाच अष्टमांश मतांनी अविश्वास ठराव. नवी मुंबईत ऑक्टोबर २०१६ मध्ये असा ठराव १०४ विरुद्ध ६ मतांनी मंजूर झाला. तरीही आयुक्त लगेच हटले नाहीत, राज्य सरकारने ठराव रोखला. त्यांची बदली झाली ती पुढच्या वर्षी, सरकारच्या सोयीने. त्या वेळी अनेक नागरिक आयुक्तांच्याच बाजूने उभे होते, हेही तितकेच खरे. नगरसेवकांबद्दलचा अविश्वास हा या रचनेचा सर्वात भक्कम आधार आहे आणि तो नगरसेवकांनी स्वतःच्या कर्तृत्वाने कमावलेला आहे.

२०२२ ते २०२६ या काळात नेमके काय घडले?

राज्यघटनेच्या कलम २४३-यू नुसार पालिकेची मुदत संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी. ओबीसी आरक्षणाचा वाद, प्रभागांची संख्या २२७ वरून २३६ आणि पुन्हा २२७, त्यावरच्या याचिका यात वर्षे गेली. नवी मुंबईत तर २०२० पासूनच प्रशासक होता. अखेर सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी चार महिन्यांत निवडणुका घेण्यास सांगितले, नंतर ३१ जानेवारी २०२६ पर्यंत मुदत वाढवून दिली.

दरम्यान, मुंबईचे तीन अर्थसंकल्प नगरसेवकांच्या चर्चेविना मांडले गेले. २०२३-२४ चा ५२,६१९ कोटींचा होता, २०२५-२६ चा ७४,४२७ कोटींवर गेला. जुलै २०२३ मध्ये उपनगरच्या पालकमंत्र्यांना थेट पालिका मुख्यालयात दालन मिळाले आणि मोठा वाद झाला. सभागृह बंद असले तरी राजकारण बंद नव्हते. दार तेवढे बदलले होते. ज्याची मंत्रालयात ओळख किंवा समाजमाध्यमांवर वजन, त्याची तक्रार पोहोचत होती. वस्तीतला नळ, तुंबलेला नाला, शौचालयाची दुरुस्ती यासाठी नगरसेवकाच्या कार्यालयात खेटे घालणाऱ्याला वॉर्ड ऑफिसच्या खिडकीपुढे रांग लावणे एवढेच उरले.

पर्याय आहे का?

कोलकात्यात १९८० च्या कायद्याने महापौर परिषद आली. तिथे कार्यकारी अधिकार महापौर आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे आहेत. मुंबईतही १९९८ मध्ये हा प्रयोग सुरू झाला आणि १९९९ मध्ये गुंडाळला गेला. १९९३ पासून लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत १८ विषय पालिकांसाठी दिले, पण कार्यकारी अधिकार महापौरांकडे द्यायचे की आयुक्तांकडे, हे राज्यांवर सोडले. कलम ५४ आणि ६४ बदलायचे तर ते विधिमंडळातच बदलावे लागेल. आयुक्त नेमण्याचा अधिकार ज्या सरकारकडे आहे, बहुमतही त्याचेच असते. २०२२ च्या आधी आणि नंतर राज्यात सत्तेवर आलेल्या पक्षांपैकी कोणीही अशी दुरुस्ती अद्याप मंजूर करून घेतलेली नाही.