मेंदूतील मेद आणि मेंदूतील झाडलोट

गेल्या वर्षी आजीच्या मेंदूची तपासणी झाली आणि पांढऱ्या भागात डाग निघाले. "तूप फार खाल्लं, ते मेंदूत चढलं," असे शेजारच्या काकूंनी निदान केले! आजीची तुपाची वाटी त्याच दिवशी बंद झाली. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात घोळतो आहे.

शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असलेल्या मेंदूत शरीरातील सुमारे एक-चतुर्थांश कोलेस्टेरॉल असते. परंतु ते तुपातून आलेले नसते. रक्त आणि मेंदू यांच्यामधील अडसर रक्तातले कोलेस्टेरॉल आत येऊ देत नाही. मेंदू आपले आपणच तयार करतो. त्यातील बहुतेक खर्च होते ते मायेलिनवर. विजेच्या तारेवर रबराचे वेष्टण असावे, तसे हे चेतातंतूंवरील आवरण. त्याच्यामुळेच मेंदूचा आतला भाग पांढरा दिसतो. ते झिजले की संदेश मंदावतात, वाटेत अडतात. शार्को या फ्रेंच वैद्याने १८६८ साली वर्णिलेल्या मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये हेच घडते. म्हातारपणीचे डाग मात्र पुष्कळदा रक्तदाबाने बारीक रक्तवाहिन्या बिघडल्यामुळे पडतात. आवरणाची हानी तेथेही होतेच.

फाटलेले आवरण उचलतात मायक्रोग्लिया. स्पेनच्या देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ साली या पेशींची वेगळी ओळख पटवून दिली. मेंदूच्या त्या रखवालदारही आहेत आणि झाडलोट करणाऱ्याही. मोडतोड गिळून त्या पचवतात. पण कोलेस्टेरॉलचा रेणू काही त्यांना फोडता येत नाही. तो प्रथिनांच्या गाडीत बसवून बाहेर धाडावा लागतो. बाहेर त्याचा उपयोग नव्या आवरणासाठी होऊ शकतो, म्हणजे खरे तर काहीच वाया जायला नको.

घोटाळा वयाबरोबर होतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत वृद्ध उंदरांच्या मायक्रोग्लियांना हा माल बाहेर काढता आला नाही. आत साचलेल्या कोलेस्टेरॉलचे स्फटिक बनले, त्यांनी पेशीतील पचनाच्या पिशव्या फोडल्या आणि दाह पेटला. जिने दुरुस्तीची वाट मोकळी करायची, तीच पेशी दुरुस्ती अडवून बसली! कोलेस्टेरॉल बाहेर काढण्यास चालना देणारे औषध दिल्यावर मात्र वृद्ध उंदरांतही नवे आवरण चढू लागले. उंदरांत, माणसांत नव्हे. हे मी आजीला दोनदा सांगितले.

तिच्या डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी नेमाने घ्यायला सांगितली आहे. वरणभातावर चमचाभर तुपाला त्यांची हरकत नाही. काकूंना अजून हे पटलेले नाही.