बँक बुडाली, तर ठेवीचे काय होते?

उडीद-सोयाबीनची पट्टी हाती पडली, खत-बियाण्याची उधारी भागली आणि त्यातूनही चार पैसे उरले, तर तुम्ही ते कुठे ठेवता? वैरागसारख्या बाजारगावी बँकेची पाटी दिसते, पतसंस्थेची दिसते, शिवाय दाराशी येऊन पिग्मी गोळा करणारा ओळखीचा मुलगाही असतो. पावत्या दिसायला सगळ्या सारख्याच. पण शटर खाली आले की त्याच पावत्यांत जमीन-अस्मानाचे अंतर पडते. हे अंतर आपल्याच जिल्ह्यातल्या एका प्रकरणावरून समजून घेऊ.

सोलापूरच्या लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेवर १२ नोव्हेंबर २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. परवानगीशिवाय नवे कर्ज द्यायचे नाही, नवी ठेव घ्यायची नाही, आणि ठेवीदाराला काढता येणार फक्त एक हजार रुपये. खात्यात दहा हजार असोत की चार लाख, हाती येणार हजारच! ज्या घरात लेकीचे लग्न ठरले आहे किंवा माणूस दवाखान्यात आहे, त्या घरात अशा हुकुमाचा अर्थ काय होतो हे तुम्हांला सांगायला नको. पुढे २२ सप्टेंबर २०२२ रोजी बँकेचा परवानाच रद्द झाला. पुरेसे भांडवल नाही, मिळकतीची आशा नाही आणि ठेवीदारांची सगळी देणी फेडण्याची ऐपत नाही, अशी कारणे रिझर्व्ह बँकेने दिली.

आता पुढचे नीट वाचा. परवाना रद्द होण्याच्या आधीच, १३ सप्टेंबर २०२२ पर्यंत, या बँकेच्या ठेवीदारांना १९३ कोटी ६८ लाख रुपये चुकते झालेले होते. सुमारे ९९ टक्के ठेवीदार आपली पूर्ण रक्कम मिळण्यास पात्र आहेत, असेही रिझर्व्ह बँकेने सांगितले. हे पैसे बुडालेल्या बँकेने दिले नाहीत. ते दिले ठेव विमा आणि पत हमी महामंडळाने.

विम्याची ही सोय कोणाच्या मेहेरबानीने आलेली नाही. १९६० साली आणखी एक लक्ष्मी बँक बुडाली होती, ती अकोल्याची. त्याच वर्षी केरळातली पलाई सेंट्रल बँकही बंद पडली. त्या ठेवीदारांना विमा कसला? बँकेची मालमत्ता विकून वसूल होईल त्यावर डोळे लावून बसायचे, एवढेच त्यांच्या हाती होते. देशभर ओरड झाली, कायदा झाला, आणि १ जानेवारी १९६२ पासून प्रत्येक ठेवीदाराला दीड हजार रुपयांपर्यंत संरक्षण मिळाले. सहकारी बँकांसाठी कायद्याचे दार १९६८ मध्ये उघडले. १९९३ मध्ये ही मर्यादा एक लाख झाली आणि मग जवळजवळ २७ वर्षे जागची हलली नाही. तेवढ्या काळात सोन्याचा भाव कुठल्या कुठे गेला! २०१९ मध्ये मुंबईची पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक अडकली, ठेवीदार रस्त्यावर आले, तेव्हा कुठे ४ फेब्रुवारी २०२० पासून मर्यादा पाच लाख झाली.

त्याहून मोठा बदल २०२१ चा. पूर्वी परवाना रद्द होईपर्यंत विम्याचा पैसा मिळत नसे. पुण्याच्या रुपी बँकेचे ठेवीदार २०१३ पासून ताटकळत होते, ते यामुळेच. आता निर्बंध लागल्यापासून साधारण ९० दिवसांत पैसे द्यावेत असा कायदा आहे.

पण विम्याचा हिशेब समजून घ्या. पाच लाख म्हणजे मुद्दल आणि व्याज मिळून. एकाच बँकेच्या वैराग, बार्शी आणि सोलापूर अशा तीन शाखांत तुम्ही आपल्या एकट्याच्या नावावर पावत्या केल्या, तरी त्यांची बेरीज एकच धरतात. वेगळ्या बँकेतली ठेव मात्र वेगळी मोजतात. नवरा-बायकोचे जोडखाते हे एकट्याच्या खात्याहून निराळे धरले जाते. त्याच बँकेचे कर्ज अंगावर असेल, तर ते वजा होऊन उरलेली रक्कम मिळू शकते. विम्याचा हप्ता बँकेने भरायचा असतो, तो तुमच्याकडून घेता येत नाही.

आणि पैसे आपोआप घरी येत नाहीत. संमतीचा अर्ज द्यावा लागतो, दुसऱ्या बँकेतले खाते दाखवावे लागते, ओळखीची कागदपत्रे लागतात. पासबुकावर एक नाव आणि आधारवर दुसरे, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ; तो आजच दुरुस्त करून घ्या. पाच लाखांच्या वरची रक्कम अवसायकाच्या वसुलीवर अवलंबून असते. तिथे वर्षे जातात, आणि सगळे मिळेलच असे नाही.

हे सारे झाले बँकेचे. जिल्हा मध्यवर्ती बँक आणि नागरी सहकारी बँका या विम्यात येतात. पतसंस्था येत नाही. मल्टिस्टेट असली तरी नाही, गावची विकास सोसायटीही नाही. जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी पतसंस्थेत लोकांच्या ठेवी अडकल्या, पुढे २०२३ मध्ये बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये अडकल्या. बीड काही आपल्यापासून लांब नाही. तिथल्या ठेवीदारांना ९० दिवसांत पैसे देणारे महामंडळ पाठीशी नव्हते. पोलिसांत तक्रारी, कोर्टाच्या तारखा आणि मालमत्तांचे लिलाव कधी होतात याची वाट, हेच नशिबी आले.

सगळ्याच पतसंस्था वाईट, असे आम्ही म्हणत नाही. अडीनडीला चटकन कर्ज तिथेच मिळते, हे खरे आहे. पण बँकेपेक्षा दोन टक्के व्याज जास्त मिळते म्हणून जमीन विकलेला किंवा धरणात गेलेल्या रानाच्या मोबदल्याचा सगळा पैसा एकाच पतसंस्थेत टाकणे, हा आमच्या मते जुगारच आहे. पैसे देण्याआधी रिझर्व्ह बँकेचा परवाना आहे का आणि ठेवीचा विमा आहे का, हे दोन प्रश्न विचारा. विचारायला लाजू नका. उद्या तो पिग्मीवाला मुलगा दाराशी येईल, त्यालाच आधी विचारा.