एका आडनावाची भ्रमंती

शाळेत इंग्रज-फ्रेंच युद्धांच्या धड्यात फ्रेंच सेनापती लाली आपल्याला भेटतो, आणि वांदिवाशला तो हरला की आपणही त्याला विसरतो. मराठी शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला मात्र त्याच्या लढायांपेक्षा त्याच्या आडनावाचे कुतूहल अधिक. कारण हे आडनाव मुळात फ्रेंच नव्हेच!

ते आयर्लंडचे, गॉलवे परगण्यातल्या ट्यूम गावाजवळचे. मूळ रूप ओ'मुलॅली. 'ओ' म्हणजे वंशज. इंग्रजी अमलात अनेक घराण्यांचा 'ओ' गळाला. टिपरेरीकडे मुलॅली राहिले, गॉलवेकडे नुसते लॅली उरले.

राजा दुसऱ्या जेम्सचा पक्ष हरल्यावर, १६९०-९१ च्या सुमारास, हजारो आयरिश सैनिक फ्रान्सच्या चाकरीत गेले. त्यांत जेरार्ड लॅली होता. १७०२ मध्ये त्याला फ्रान्समध्ये मुलगा झाला, टॉमस आर्थर. हाच आपला लाली. त्याच्या नावाला 'तोलाँदाल' जोडलेले दिसते. ते घराण्याच्या टुलिनाडॅली या गावाचे फ्रेंच रूप. आपल्याकडचा 'कर' आठवतो ना? गाव सुटले, पण आडनावातून गेले नाही.

१७५८ मध्ये हिंदुस्थानात येताच लालीने निजामाजवळच्या बुसीला परत बोलावले. १७६० मध्ये उदगीरला मराठ्यांनी निजामाला नमवले, तेव्हा बुसी त्याच्या पाठीशी नव्हता. त्याच वर्षी वांदिवाशला लालीला हरवणारा इंग्रज सेनापती आयर कूट, तोही आयर्लंडातच जन्मलेला! १७६१ मध्ये पाँडिचेरी पडली आणि १७६६ मध्ये पॅरिसला देशद्रोहाच्या आरोपावरून लालीचा शिरच्छेद झाला.

त्याचा मुलगा त्रोफीम तेव्हा पंधरा वर्षांचा. आपला बाप कोण, हे त्याला अगदी अखेरीस कळले, असे सांगतात. असे कलंकित आडनाव कोणीही मुकाट्याने टाकले असते. त्याने ते उराशी धरले आणि वडिलांच्या नावासाठी तो वर्षानुवर्षे झगडला. व्हॉल्तेअरने त्याची बाजू उचलून धरली. १७७८ च्या मे महिन्यात जुना निकाल रद्द झाला. ती बातमी मृत्युशय्येवरच्या व्हॉल्तेअरला मिळाली, आणि त्याने आपल्या अखेरच्या पत्रात मुलाचे अभिनंदन केले.

१८१६ मध्ये हाच मुलगा फ्रेंच अकादमीचा सभासद झाला. तेथे त्याचे आडनाव लागले, ते पूर्ण: लाली-तोलाँदाल. बापाचे नाव आणि आजोबांचे गाव, दोन्ही त्यात होती.