घोड्याची हिवाळी गादी

कोंबड्यांच्या शेडमध्ये जमिनीवर भाताच्या तुसाची जाड गादी पसरलेली तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. ती रोज बदलत नाहीत. इंग्लंडमध्ये थंडीच्या दिवसांत घोड्यांच्या कित्येक तबेल्यांतही हीच रीत असते. तुसाऐवजी तेथे गव्हाचे काड वापरतात, एवढाच फरक. शरद ऋतूत घातलेली गादी थेट वसंतात उपसायची. म्हणजे चार-पाच महिने घोडा स्वतःच्याच मूत्रावर उभा! तुम्ही नाक मुरडाल. पण जरा थांबा.

तेथील हिवाळा आधी ध्यानात घ्या. डिसेंबरच्या अखेरीस लंडनला सूर्य दुपारी चारच्या सुमारासच मावळतो. कुरणांत चिखल होतो, म्हणून घोड्याला बराच काळ १२ फूट लांब व १२ फूट रुंद अशा खोलीत काढावा लागतो. ५०० किलो वजनाचा घोडा दिवसाला १५ ते २० किलो लीद टाकतो आणि पाच ते दहा लिटर मूत्र सोडतो. रोज सारे अंथरूण बदलायचे तर काड पुष्कळ लागते आणि हातही.

या मूत्राचे गादीत काय होते? त्यात युरिया असतो. युरियाला स्वतःला अमोनियाचा वास नसतो. पण लिदीतील व जमिनीवरील जीवाणूंजवळ युरिएज नावाचे विकर असते. ते युरियाचे पाण्याच्या साहाय्याने विघटन करून अमोनिया व कार्बन डायऑक्साइड मोकळे करते. (पहिल्यांदा स्फटिकरूपात मिळवलेले विकर हेच. जेम्स समनर यांनी १९२६ मध्ये ते अबईच्या जातीच्या एका वेलाच्या बियांतून काढले.) घाणेरड्या मुतारीत डोळे चुरचुरतात ते या अमोनियामुळेच.

येथून पुढे अमोनियाला दोन वाटा आहेत. तो हवेत जाईल, नाही तर जीवाणूंच्या शरीरात. काड खाऊन वाढणाऱ्या जीवाणूंना प्रथिने बनवण्यासाठी नायट्रोजन लागतो. त्यांना २५ ते ३० भाग कार्बनमागे एक भाग नायट्रोजन हवा असतो. गव्हाच्या काडात मात्र साधारण ८० भागांमागे एकच भाग मिळतो. हे जीवाणू नायट्रोजनचे भुकेले असतात, आणि अमोनियाचा बराचसा भाग ते गिळून टाकतात. ताजे काड पुरेसे आहे तोवर हा व्यवहार नीट चालतो. शिवाय कुजताना उष्णता निर्माण होते व गादी खालून कोमट राहते. काडाच्या पोकळ नळ्यांतील हवाही घोड्याच्या अंगची ऊब थंडगार फरशीत जाऊ देत नाही.

आता मोतद्दाराची रोजची कामे का ठरली आहेत, ते तुमच्या ध्यानात येईल. लीद दिवसातून दोन-तीन वेळा उचलायची, कारण ती तुडवली गेली की सारी गादी चिकट होते. वरच्या थरावर रोज कोरडे काड पसरायचे. खालच्या ओल्या थराला मात्र दाताळे लावायचे नाही! तो उकरला की अडकलेला अमोनिया एकदम बाहेर पडतो. टाच रोवून दाबल्यावर ओल वर आली, तर काड घालण्यात कंजुषी झाली असे समजावे. ओल्या गादीवर घोड्याच्या खुराच्या तळाचा मऊ त्रिकोणी भाग कुजू लागतो.

सर्वांत घातक चूक दयाळूपणातून होते. बाहेर गारठा आहे म्हणून खिडक्या बंद करतात. घोड्याला थंडीचा फारसा त्रास होत नाही. कोंदट हवेचा होतो. तो तोंडाने श्वास घेऊ शकत नाही. सारी हवा, विश्रांतीतही मिनिटाला सुमारे ६० लिटर, नाकानेच आत जाते. घोडा उभ्याने डुलक्या घेतो हे खरे, पण गाढ झोपेचा एक प्रकार त्याला आडवे झाल्याशिवाय मिळत नाही. त्या वेळी नाक गादीजवळ असते, म्हणजे जेथे अमोनिया सर्वाधिक तेथेच. अमोनियाने श्वासनलिकेचा आतील थर दुखावतो. त्यात बुरशी लागलेल्या काडाची धूळ मिसळली की खोकला जडतो. ज्या घोड्याला आधीच श्वासाचा विकार आहे, त्याच्यासाठी ही पद्धत वापरूच नये.

तबेल्याची हवा उभे राहून पारखता येत नाही. गुडघे टेकून, नाक गादीच्या वीतभर वर न्यावे लागते, आणि तेही बाहेरून आल्याबरोबर. थोड्या वेळाने नाक वासाला सरावते. तुम्हांला हे गोठ्यात करून पाहता येईल. पहाटे दार उघडताच ओल्या जागेच्या अगदी जवळ भिजवलेला तांबडा लिटमस कागद धरा, आणि दुसरा छपराजवळ. कोणता आधी निळा होतो ते पाहा. लिटमस नसेल तर हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद पुन्हा ओला करून वापरा. तो तांबूस होतो.

वसंतात गादी उपसतात तेव्हा तळाचे थर काळपट व घट्ट झालेले असतात, आणि काम कंबर मोडणारे असते. पण हा माल वाया जात नाही. घोड्याची लीद मिसळलेले गव्हाचे काड कुजवून त्यावर पांढऱ्या बटण अळिंब्या वाढवण्याची पद्धत युरोपात फार जुनी आहे.